मध्यस्थ गेल्यावर उरणारी जबाबदारी

खालापूर तालुक्यातील महड येथील वरदविनायकाचे देवस्थान अष्टविनायकांत गणले जाते आणि ते देऊळ १७२५ साली रामजी महादेव बिवलकर यांनी बांधविले, हे पुष्कळांस ठाऊक असते. परंतु या देवस्थानाची आणखी एक ख्याती परंपरेने चालत आली आहे, आणि ती मला त्याच्या वयापेक्षा अधिक विचारार्ह वाटते. येथे भाविकाला गाभाऱ्यात जाऊन स्वहस्ते पूजा करण्याची मुभा राहत आली आहे. देव आणि भक्त यांच्यामध्ये उभा असणारा पुरोहित येथे बाजूला सरतो, आणि तो सरला म्हणजे एक प्रश्न उपस्थित होतो, जो भक्तीच्या उत्साहात सहसा कोणी विचारीत नाही. पुरोहित हा केवळ अडसर नव्हता. उपचारांचा क्रम त्याला ठाऊक होता, मंत्र ठाऊक होता, चूक झाली असता तिचे प्रायश्चित्त काय तेही ठाऊक होते. हे ज्ञान, आणि त्या ज्ञानाच्या पोटात असलेली जबाबदारी, तो दूर झाल्यावर कोणाच्या शिरावर येते?

देवाच्या बाबतीत या प्रश्नाचे उत्तर फारसे अवघड नाही. देव भावाचा भुकेला आहे, आणि उपचारांत काही उणे राहिले तर त्याची क्षमा मागण्याची तजवीज पूजेच्या विधीतच करून ठेवलेली आहे. माणसामाणसांतील व्यवहारात मात्र असा क्षमाशील पक्ष कोणी नसतो. तेथे मध्यस्थ काढून टाकला आणि नवशिक्या मनुष्याच्या हातून एक अक्षर चुकले, तर त्याची वर्षाची कमाई जाते आणि ती परत मागावयास दार उरत नाही. म्हणून महडच्या गाभाऱ्यात जो प्रश्न सौम्य वाटतो, तोच व्यवहारात अत्यंत कठोर होऊन पुढे येतो. या कठोर रूपातच त्याचा विचार करावा, असे मला वाटते, आणि त्यासाठी मी जे उदाहरण घेणार आहे ते धर्मग्रंथांच्या वाचकाला प्रथमदर्शनी परके वाटेल.

३१ ऑक्टोबर २००८ रोजी सातोशी नाकामोतो या टोपणनावाने एक लहानसा निबंध प्रसिद्ध झाला आणि ३ जानेवारी २००९ रोजी त्या निबंधातले चलन, बिटकॉइन, प्रत्यक्षात आले. बँकेवाचून एका मनुष्याने दुसऱ्यास थेट पैसे द्यावेत, ही त्यातील मूळ प्रतिज्ञा. पण रुपये देऊन बिटकॉइन घ्यावयाचे म्हटले की लोक पुन्हा कोणत्या तरी पेढीकडेच जाऊ लागले, म्हणजे मध्यस्थ मागल्या दाराने परत आला. ही विसंगती दूर करण्यासाठी ज्या मंडळींनी प्रयत्न केले, त्यांत बिस्क या सॉफ्टवेअरचा प्रयत्न मला सर्वांत प्रामाणिक वाटतो. २०१६ साली, तेव्हा बिटस्क्वेअर या नावाने, ते सुरू झाले. ही पेढी नव्हे. ग्राहकांचे पैसे ठेवणारा खजिना त्याच्यापाशी नाही. सॉफ्टवेअर आपल्या संगणकात उतरवून घ्यावयाचे. ते टॉर नावाच्या जाळ्यातून इतरांच्या संगणकांशी संपर्क ठेवते. एकजण आपला भाव मांडतो, दुसरा तो पत्करतो; मग विकणाऱ्याचे बिटकॉइन आणि दोघांचीही अनामत अशा ठेवीत अडकविली जाते की जी दोघांच्या सह्यांवाचून सुटत नाही; घेणारा बँकेतून रक्कम पाठवितो, विकणारा ती पोचल्याची कबुली देतो, आणि ठेव मोकळी होते. यूपीआय, आयएमपीएस, नेफ्ट ही आपल्या इकडची साधनेही त्याच्या यादीत आली आहेत.

वर्णन करावयास हे सोपे आहे, करावयास नाही. रक्कम पाठविताना शेऱ्याच्या जागी बिटकॉइन हा शब्द लिहू नये. ज्याच्या नावाने सौदा झाला त्याच्याच खात्यातून पैसे जावेत, भावाच्या किंवा मित्राच्या खात्यातून जाऊ नयेत. वॉलेट, म्हणजे बिटकॉइन ठेवण्याचे संगणकी पाकीट, उघडताना मिळणारे बारा शब्द कागदावर उतरवून जपावेत, ते कोणालाही सांगू नयेत आणि त्यांचे छायाचित्रही काढू नये. पाठविलेली बँकेची रक्कम काही प्रसंगी उलटविली जाऊ शकते, पण सोडलेले बिटकॉइन कधीच उलटत नाही, हे विकणाऱ्याने ध्यानात ठेवावे. बँकेत गेलेल्या मनुष्याला यांतले काहीच माहीत असावे लागत नाही, कारण त्याच्या वतीने ते दुसऱ्या कोणाला तरी माहीत असते. खिडकीमागचा कारकून, त्याच्यामागचा अधिकारी, त्यांच्यामागचे नियमांचे दफ्तर आणि सर्वांच्या शेवटी न्यायालय, अशी रांग त्याच्या अज्ञानाला सांभाळून घेते. ही रांग हटविली म्हणजे ती करीत असलेले काम काही हटत नाही. ते सारे काम एका ठिकाणी गोळा होते, आणि ते ठिकाण म्हणजे नवशिक्यासाठी लिहिलेली मार्गदर्शिका. ज्याने मध्यस्थ नको म्हटले, त्याने नकळत त्या पुस्तिकेच्या लेखकाला मध्यस्थ नेमले आहे. माझे सारे म्हणणे या एका गोष्टीभोवती आहे: मध्यस्थ नाहीसा होत नाही, तो ग्रंथात शिरतो, आणि म्हणून तो ग्रंथ लिहिणे व वेळोवेळी दुरुस्त करणे हे कारकुनी काम नसून धर्मकृत्य आहे.

दुरुस्तीचा मुद्दा मी मुद्दाम काढीत आहे, कारण त्यातच खरा पेच आहे. बिस्कच्या जुन्या रचनेत अडकविलेल्या ठेवीला तीन किल्ल्या असत आणि तिसरी लवादाच्या हाती असे. घेणारा-विकणारा भांडले तर लवाद एकाच्या बाजूने सही करून रक्कम सोडवीत असे. २०१९ च्या अखेरीस ही रचना बदलली. लवादाकडील किल्ली काढून घेण्यात आली, ठेव दोघांच्याच सह्यांची झाली, समेट घडवून आणणारा मनुष्य आता केवळ सल्ला देऊ लागला, आणि समेट झालाच नाही तर रक्कम ठराविक मुदतीनंतर एका निराळ्या पत्त्यावर जाईल अशी तरतूद करण्यात आली. पुढे एप्रिल २०२० मध्ये एका चोराने याच नव्या तरतुदीतील दोष हेरला, त्या पत्त्याच्या जागी स्वतःचा पत्ता घातला, आणि सात जणांचे मिळून सुमारे ३ बिटकॉइन आणि मोनेरो या तशाच दुसऱ्या चलनाची ४००० नाणी लांबविली. व्यवहार काही काळ थांबवावे लागले, दोष काढला गेला, आणि ज्यांचे नुकसान झाले त्यांना भरपाई देण्याचे ठरविण्यात आले.

आता समजा, २०१७ साली कोणी सज्जनाने नवशिक्यांसाठी लिहून ठेवले की भिऊ नका, भांडण झाले तर लवादाच्या हाती तिसरी किल्ली आहे. ते वाक्य लिहिले त्या दिवशी अक्षरशः खरे होते. त्यात काना-मात्रेचाही फरक न पडता २०२० उजाडेपर्यंत ते खोटे झाले होते. लेखकाने काहीच केले नाही, आणि काहीच न केल्यामुळे तो असत्यवादी ठरला. हे न्याय्य आहे काय?

या प्रश्नाचा निवाडा मला योगसूत्रांवरील व्यासभाष्यात सापडतो. यमांपैकी सत्य या दुसऱ्या यमाचे विवरण करताना भाष्यकार सांगतात की वाणी उच्चारली जाते ती आपल्या ठिकाणचा बोध दुसऱ्याच्या ठिकाणी संक्रांत व्हावा म्हणून. तेव्हा ती फसविणारी नसावी, भ्रांत नसावी, आणि ऐकणाऱ्याच्या ठिकाणी बोध उत्पन्न न करणारी वांझ नसावी. शिवाय ती भूतमात्रांच्या हितासाठी असावी. या विवरणात सत्याचे माप वक्त्याच्या मुखापाशी घेतलेले नाही, ते श्रोत्याच्या मनात घेतलेले आहे. वाणीचे कार्य वाचकाच्या ठिकाणी ज्या क्षणी घडते, त्या क्षणी ती भ्रांत असेल तर ती सत्य नव्हे, मग ती लिहिली गेली त्या दिवशी काही का असेना. लिहिलेले वाक्य प्रत्येक नव्या वाचकापाशी नव्याने उच्चारले जात असते. म्हणून जोवर ते लोकांसमोर उभे आहे तोवर त्याचा लेखक बोलतच आहे आणि बोलण्याचे उत्तरदायित्व त्याच्यावर आहे. भाष्यकारांनी सांगितलेल्या तीन दोषांपैकी पहिला ठकांचा आहे आणि त्याची चर्चा सर्वत्र होते. दुसरा आळशी सज्जनांचा आहे. तिसरा विद्वानांचा आहे, ज्यांची पुस्तिका प्रत्येक अक्षरात अचूक असते आणि नवशिक्याला तिच्यातले एकही वाक्य कळत नाही. शेवटचे दोन दोष पहिल्याइतकेच घातक आहेत, असे माझे मत आहे. कारण पैसे गमावणाऱ्याला ते कोणत्या दोषाने गेले यामुळे काही फरक पडत नाही.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे. ग्रंथ वारंवार बदलावयाचा म्हटले तर त्याचे प्रामाण्य काय राहिले? आपल्या परंपरेत ग्रंथशुद्धीचे सर्वांत मोठे उदाहरण एकनाथांचे. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, त्यांनी ज्ञानेश्वरीच्या प्रती मिळवून, शिरलेले अपपाठ काढून शुद्ध प्रत सिद्ध केली, आणि पुढे कोणी तिच्यात आपली भर घालू नये अशी ताकीदही दिली. तेथे शुद्धी म्हणजे मुळाकडे परत जाणे होते. मार्गदर्शिकेच्या दुरुस्तीत मात्र मूळ मजकूर टाकून देऊन आजच्या वस्तुस्थितीकडे यावे लागते. या दोन क्रिया परस्परविरुद्ध दिसतात, पण आपल्याच धर्मशास्त्राने त्यांची सांगड श्रुती आणि स्मृती या भेदाने घालून ठेवली आहे. श्रुती बदलत नाही. स्मृती काळाप्रमाणे बदलते, आणि पूर्वी विहित असलेली कर्मे कलियुगात वर्ज्य ठरविणारे कलिवर्ज्य प्रकरण हे तिच्या बदलाचे लेखी प्रमाण आहे. आमच्या खोपोलीहून घाट चढून गेले की जे लोणावळे लागते, तेथील धर्मनिर्णय मंडळाने रघुनाथशास्त्री कोकजे प्रभृतींच्या पुढाकाराने गेल्या शतकात हेच कार्य केले: तत्त्वांना धक्का न लावता संस्कारांचे विधी आजच्या गृहस्थाला अर्थ कळेल आणि करता येतील असे त्यांनी नव्याने सिद्ध केले. बिटकॉइनमध्येही गणिताचा जो भाग आहे, एकंदर २ कोटी १० लाखांची मर्यादा, सहीवाचून ठेव न सुटण्याचा नियम, तो स्थिर आहे. कोणती कळ दाबावी, किती मुदत थांबावे, वाद कोणाकडे न्यावा, कर किती भरावा, ही त्याची स्मृती आहे. जी मंडळी या स्मृतीलाच श्रुती समजून तिला हात लावीत नाहीत, त्यांची निष्ठा खरी असली तरी ती चुकीच्या जागी आहे.

कराचा उल्लेख आलाच आहे म्हणून सांगतो की आपल्या देशात ही स्मृती किती झपाट्याने बदलली याची कल्पना सामान्य माणसाला नाही. एप्रिल २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना अशा व्यवहारांस सेवा देण्यास मनाई केली. ४ मार्च २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती मनाई रद्द ठरविली. २०२२ च्या अर्थसंकल्पाने नफ्यावर ३० टक्के कर बसविला. १ जुलै २०२२ पासून १ टक्का रक्कम उगमापाशी कापून सरकारजमा करण्याची सक्ती आली, आणि थेट दोन व्यक्तींतील सौद्यात ती कापण्याचा भार घेणाऱ्यावरच टाकलेला आहे. मार्च २०२३ मध्ये हा धंदा करणाऱ्यांना काळ्या पैशाच्या प्रतिबंधक कायद्याखाली आणण्यात आले. शिवाय ज्याच्याकडून आपण पैसे घेतले त्याचे पैसे फसवणुकीतले निघाले, तर आपण निर्दोष असूनही आपले बँक खाते पोलीस तपासात गोठविले जाण्याचा धोका असतो. परदेशी लेखकांच्या पुस्तिकेत यांतले अक्षरही नसते, आणि तिचे केवळ मराठी भाषांतर करून देणाऱ्याने वाचकाला अर्ध्या वाटेवर सोडले, असेच म्हणावे लागेल.

आता अधिकाराचा प्रश्न. वेदान्ताच्या प्रकरणग्रंथांत आरंभीच सांगितलेले असते की ज्याच्या ठिकाणी विवेक, वैराग्य, शमादि षट्क आणि मुमुक्षुत्व आहे तोच या शास्त्राचा अधिकारी. जिज्ञासूला येथे वाटते की जे मिळविण्यासाठी मी आलो, त्याचाच बराचसा भाग मजजवळ आधी असावा असे ही मंडळी म्हणत आहेत. बिस्कमध्ये हा पेच अगदी शब्दशः उभा होता. सौदा करावयाचा तर अनामत ठेवावी लागे, अनामत बिटकॉइनमध्येच ठेवावी लागे, आणि नवशिक्या तर पहिले बिटकॉइन घेण्यासाठीच आलेला! घरात येण्यासाठी घरातलीच वस्तू हवी, अशी ती अट होती. तिच्यामागे दुष्टपणा नव्हता. अनोळखी माणसाने लबाडी केली तर त्याचे काहीतरी जप्त करता यावे, एवढाच तिचा हेतू. तरीही परिणाम असा होई की जो सर्वांत दुर्बळ, त्याच्याच तोंडावर दार लागे. २०२४ साली बिस्क इझी नावाची जी नवी पद्धत आली, तिने हा पेच सोडविला तो भार उलटवून. घेणाऱ्याने अनामत ठेवू नये. विकणाऱ्याने आधी स्वतःची पदरमोड करून आपली पत सिद्ध करावी. आणि सौद्याची मर्यादा ६०० डॉलरांची असावी. जाणत्याने पत दाखवावी, अजाणत्याने विश्वास ठेवावा, आणि विश्वास ठेवण्याची रक्कम लहान असावी.

मला या बदलात एक धार्मिक तत्त्व दिसते. ज्ञानमार्गाने साधकावर टाकलेला अधिकाराचा भार भक्तिमार्गाने उपदेशकावर घेतला, आणि त्याचे या परिसराला जवळचे उदाहरण विनोबांचे आहे. खालापूरला लागून असलेल्या पेण तालुक्यातील गागोदे येथे १८९५ साली त्यांचा जन्म झाला. संस्कृत गीता समजत नाही, असे त्यांच्या मातोश्रींनी म्हटले आणि तूच का मराठीत करीत नाहीस असे विचारले, तेव्हा आधी संस्कृत शीक असे त्या पुत्राने सांगितले नाही. मातोश्री १९१८ साली निवर्तल्या, तरी तो शब्द मनात धरून १९३०-३१ मध्ये त्याने गीताई सिद्ध केली. अपात्र ठरला तो ग्रंथ, वाचक नव्हे, अशी ही भूमिका आहे.

कर्जत तालुक्यापुरते बोलावयाचे तर माथेरानचे भाई कोतवाल आठवतात. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर त्यांना वीरमरण आले, हे येथे मुलांनाही ठाऊक आहे. परंतु त्याआधी त्यांनी केलेले काम माझ्या प्रस्तुत विषयाशी अधिक निगडित आहे. पावसाळ्याच्या तोंडावर सावकाराकडून धान्य उसने आणून सुगीला त्याच्या कितीतरी अधिक फेडणारा येथील शेतकरी आणि आदिवासी त्यांनी पाहिला, आणि त्या मध्यस्थाला दूर करण्यासाठी धान्यकोठ्या काढल्या. पण ते तेवढ्यावर थांबले नाहीत. त्यांनी खेडोपाडी शाळाही काढल्या. ही दोन कामे मला एकाच कामाच्या दोन बाजू वाटतात. अंगठा उमटविणाऱ्याचा एक सावकार काढून घेतला आणि त्याला वाचावयास शिकविले नाही, तर दुसरा सावकार येण्यास वेळ लागत नाही.

आज चौक, खोपोली, कडाव, नेरळ या बाजूंस जमिनीच्या विक्रीचे पैसे घरोघरी आलेले आहेत, तरुणांच्या हाती मोबाइल आहे, आणि झटपट श्रीमंत करून देणारे उपदेशक दारोदार आहेत. गेनबिटकॉइन या नावाने दरमहा १० टक्के, तेही १८ महिने, देण्याचे आमिष दाखविणारी योजना याच राज्यात पसरली, आणि २०१८ साली पुणे पोलिसांनी तिच्या सूत्रधारास अटक करीपर्यंत पुष्कळांचे संसार बुडाले होते. जेथे प्रामाणिक पुस्तिका नसते, तेथे अशा उपदेशकाचे बोलणे हीच पुस्तिका होते.

यावरून कोणी म्हणेल की मग याविषयी काही लिहूच नये. लिहिणे म्हणजे मोहात पाडणे. मी याशी सहमत नाही. कर्जत स्थानकात पुण्याकडे जाणाऱ्या पुष्कळ गाड्यांना मागून बँकर इंजिने जोडतात; ती इंजिने गाडी कोठे जावी हे ठरवीत नाहीत, ज्यांना जावयाचेच आहे त्यांना बोरघाटाच्या चढणीवर मागे घसरू देत नाहीत, आणि चढण संपली की सुटून परत येतात. मार्गदर्शिकेने तेवढेच करावे. तिने घ्या म्हणू नये, घेऊ नका असेही म्हणू नये. घेणार असाल तर कोठे घसराल, ते सांगावे. ज्याच्याजवळ गमावण्यासारखा पैसा नाही, त्याने येथूनच परतावे, हे वाक्यही तिच्या पहिल्याच पानावर असावे.

भाषेची अडचण अजून आहेच. वॉलेटचे जे बारा शब्द जपावयाचे, ते ज्या सर्वमान्य यादीतून येतात तिच्यात २०४८ शब्द आहेत. ती यादी इंग्रजीखेरीज जपानी, कोरियन, स्पॅनिश, फ्रेंच, इटालियन, चेक, पोर्तुगीज आणि चिनी भाषांत आहे, परंतु कोणत्याही भारतीय भाषेत नाही. वाडीवरच्या ज्या मुलाने शाळा मराठीतून केली, त्याला आपली सारी ठेव परक्या भाषेतील बारा शब्दांच्या अचूक स्पेलिंगवर सोपवावी लागते. अशा वेळी त्याने ते शब्द एकेक अक्षर पडताळून, दोन कागदांवर, दोन ठिकाणी लिहून ठेवावेत, एवढे मराठीत स्पष्ट सांगणारे कोणीतरी हवे.

कर्जत-खालापुरात संगणकाची विद्या घेतलेली मुले आता थोडी नाहीत. त्यांना माझी विनंती आहे की त्यांपैकी ज्यांना हा व्यवहार नीट समजतो, त्यांनी ही पुस्तिका मराठीत लिहावी. ज्याला यातले काहीच ठाऊक नाही अशा एकाला ती समोर बसवून वाचावयास द्यावी, आणि तो जेथे अडेल तेथे आपले वाक्य बदलावे. प्रत्येक पानावर ते शेवटचे तपासल्याची तारीख घालावी. कायदा किंवा सॉफ्टवेअर बदलले की त्याच आठवड्यात दुरुस्ती करावी. आणि ज्या दिवशी हे काम पुढे चालविणे शक्य होणार नाही, त्या दिवशी ती पुस्तिका लोकांसमोरून काढून घ्यावी.